गाडीच्या टपावरचा तंबू

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा ओसरला की भंडारदऱ्याला किंवा पवनेच्या काठावर एखाद्या गाडीच्या टपावर चक्क तंबू उभा दिसतो, बाजूला शिडी लावलेली. हे खूळ आजचं नाही. इटलीत असे तंबू 1950च्या दशकापासून आहेत, आणि पूर्व जर्मनीतली माणसं तर त्राबांट नावाच्या इवल्याशा गाडीच्या टपावर झोपत.

तुम्हालाही घ्यावासा वाटत असेल, तर किमतीच्या आधी आपल्या गाडीचा टप किती वजन पेलतो ते बघा. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत तो आकडा असतो. बऱ्याच गाड्यांना चालताना टपावर 50 ते 75 किलोच चालतात. इकडे तंबूच साधारण 50 ते 80 किलोंचा, शिवाय खालच्या आडव्या दांड्यांचं वजन वेगळं. मग वर दोन माणसं झोपतात ती कशी? तर उभ्या गाडीचा टप याहून कितीतरी जास्त भार सोसतो. खरी कसोटी घाटात लागते. वळणावर वरचं वजन गाडीला बाहेर ओढतं. कापडी टपाची थार असेल तर हा विषयच सोडा.

फायदे आहेतच. पाच-दहा मिनिटांत तंबू उघडतो, गादी आत अंथरलेलीच असते. खाली ओल, खडे, मुंग्या काहीही असो. कोकणात फुरसं नि विंचवाची धास्तीही कमी. गाडी मात्र सपाट जागी उभी हवी, नाहीतर रात्रभर एकमेकांच्या अंगावर घसरत राहाल. हिमाचलातल्या स्पितीसारख्या प्रवासात, जिथे रोज मुक्काम बदलतो, तिथे हा तंबू पैसे वसूल करतो.

पण शनिवार-रविवार एकाच तळ्याकाठी बसायचं असेल, तर मी जमिनीवरचाच तंबू घेईन. कारण सकाळी चहा प्यायला गावात जायचं म्हटलं तरी आधी अख्खं बिऱ्हाड गुंडाळावं लागतं. उघड्या पठारावर वारा सुटला की गाडी डुलते, आणि खालूनही वारा लागत असल्यानं थंडी जास्त जाणवते. पावसात तर पंचाईतच! कापड ओलं असताना मिटलं तर बुरशी धरते. साधा तंबू गॅलरीत दोरीवर वाळत टाकता येतो. हा उघडायचा तर सोसायटीच्या पार्किंगमध्येच, शेजाऱ्यांच्या साक्षीनं. उतरवायला दोन-तीन माणसं लागतात, म्हणून बहुतेक जण तो वरच ठेवतात. मग पेट्रोल जास्त जातं, हायवेवर वाऱ्याचा घोंघाट होतो, आणि तळघरातल्या पार्किंगच्या उंचीच्या दांडीखाली गाडी अडते.

घरात गुडघे दुखणारं माणूस असेल, तर शिडी त्यालाच आधी चढून-उतरून बघू द्या, तीही अंधारात. लघवीला रात्री उतरावं लागतंच. मुलांना घेऊन जाणार असाल, तर त्यांना शिडीच्या तोंडाशी झोपवू नका.