बटण दाबलं कुणी?

[दृश्य: सोलापूर, होम मैदान, गड्ड्याची गर्दी. हलगी, पिपाण्यांचा आवाज.]

सिद्धेश्वराच्या यात्रेत हल्ली नंदीध्वजांच्या वर ड्रोन घिरट्या घालतो. कुणाचा आहे, परवानगी कुणी दिली, हे बंदोबस्तावरच्या हवालदाराला विचारलं तर तो सांगतो. निदान त्यानं सांगावं अशी आपली अपेक्षा असते.

वझिरिस्तानातल्या माणसाला ही सोय नव्हती.

[दृश्य: नकाशा. पाकिस्तानचा वायव्य भाग, दत्ता खेल.]

17 मार्च 2011. दत्ता खेलमध्ये क्रोमाइटच्या खाणीच्या वादावर जिरगा बसला होता, आपल्याकडे गावकी बसते तसा. टोळ्यांमधली वडीलधारी माणसं, सरकारनं नेमलेले मलिक आणि त्यांच्यात काही तालिबानही. वरून ड्रोनची क्षेपणास्त्रं आली. चाळीसेक माणसं गेली. हल्ला सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा, असं जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं. सीआयए मात्र गप्प. तिला तशी मुभाच आहे. अमेरिकी कायद्यात गुप्त कारवाई म्हणजे काय, तर जिच्यात सरकारचा हात दिसू नये आणि उघड कबूलही होऊ नये अशी कारवाई. संसदेच्या समित्यांना बंद दाराआड कळवलं की झालं. मेलेल्याच्या भावानं दाद कुठं मागायची?

हे काम हेरांचं की सैनिकांचं, हा वाद ड्रोनइतकाच जुना आहे. 7 ऑक्टोबर 2001, अफगाणिस्तानातल्या युद्धाची पहिली रात्र. कंदाहारवर सीआयएचा प्रिडेटर ड्रोन. खाली तालिबानचा म्होरक्या मुल्ला उमर असल्याचा अंदाज. क्षेपणास्त्र सोडायचं की बॉम्ब टाकायचा, कुठं आणि कुणाच्या हुकमानं, यावर सीआयए आणि लष्कराचे सेनापती यांच्यात घोळ झाला. शेवटी एका गाडीवर मारा झाला. मुल्ला उमर निसटला. गंमत म्हणजे, सीआयएचे ड्रोनही हवाई दलाचेच वैमानिक उडवत. जॉयस्टिकवरचा हात तोच, फक्त हुकूम दुसऱ्याचा.

[दृश्य: वॉशिंग्टन, संग्रहित चित्रण.]

9/11च्या चौकशी आयोगानं 2004 सालीच सुचवलं होतं, असल्या निमलष्करी मोहिमा संरक्षण खात्याकडे द्या. मे 2013 मध्ये ओबामांनी नवे नियम आणले, तेव्हाही कल लष्कराकडेच होता. 2016 साली त्यांनी आदेश काढला: युद्धभूमीबाहेरच्या हल्ल्यांत किती नागरिक मेले, ते दरवर्षी जाहीर करा. मार्च 2019 मध्ये ट्रम्प यांनी ते कलम काढून टाकलं. 2022 मध्ये काबूलमध्ये अल कायदाचा म्होरक्या अल जवाहिरी मारला गेला, तोही सीआयएच्याच ड्रोननं.

मग लष्कराकडे दिलं की प्रश्न सुटला? तसं नाही.

[दृश्य: काबूल, अंगणातली जळालेली गाडी.]

29 ऑगस्ट 2021. काबूल. एका मदत संस्थेत काम करणारा माणूस गाडीत पाण्याचे कॅन घेऊन घरी आला. ड्रोनच्या कॅमेऱ्याला ती स्फोटकं वाटली. दहा जण मेले, त्यातली सात मुलं. हल्ला अमेरिकी लष्कराचा होता. आधी सेनाप्रमुखांनी तो योग्यच ठरवला. मग पत्रकार त्या अंगणात पोचले, सीसीटीव्हीचं चित्रण तपासलं, आणि 17 सप्टेंबरला पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यानं, चूक कबूल केली. शिक्षा कुणालाच झाली नाही, हेही सांगायला हवं. पण चूक कुणाची, हे तीन आठवड्यांच्या आत त्यांच्याच तोंडून आलं. दत्ता खेलच्या बाबतीत ते झालं नाही.

[दृश्य: सोलापूर, चार हुतात्म्यांचे पुतळे. भोवती रिक्षांची वर्दळ.]

लष्कराच्या हाती कारभार म्हणजे काय, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ लागला. व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्यासाठी खास सोलापूरच्या नावाचा वटहुकूम काढला. लष्करी न्यायालयांनी माणसं तुरुंगात धाडली, आणि मुंबई उच्च न्यायालयात या कायद्याला आव्हानही दिलं गेलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा खटला चालला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिलं.

तो न्याय होता, असं सोलापुरात कुणी म्हणणार नाही. पण वटहुकुमावर सही होती, खटल्याचे कागद होते, अपील होतं. म्हणून तर नव्वद वर्षांनंतरही नाव घेऊन जाब विचारता येतो. परक्या सत्तेनं ठेवलेला एवढासा माग जर गुप्तचर संस्था ठेवणार नसेल, तर शस्त्र तिच्या हाती नको. माहिती तिनं आणावी, मारा लष्करानं करावा, आणि कबुलीही लष्करानंच द्यावी. लष्करातली गुप्त पथकं यातून सुटायला बघणार, बघतातही. डिसेंबर 2013 मध्ये येमेनमध्ये लग्नाच्या वऱ्हाडावर झालेला हल्ला अशाच एका अमेरिकी लष्करी पथकाचा होता.

[दृश्य: नवी दिल्ली, संसद भवन.]

आपल्याकडे हा प्रश्न अजून कोरा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतानं अमेरिकेशी 31 एमक्यू-9बी ड्रोनचा करार केला. 15 नौदलाला, 8 भूदलाला, 8 हवाई दलाला. कागदावर तरी सगळे वर्दीवाल्यांकडे. त्यांना लक्ष्य दाखवू शकणारी रॉ ही आपली परदेशी हेरगिरी करणारी संस्था मात्र 1968 पासून संसदेच्या कायद्याविना चालते. 2011 साली काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख आणणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही.