बसून खायचे सहा महिने

सुरुवात न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलपासून करतो. १९२४ सालचं, हजारावर खोल्यांचं हे हॉटेल तेव्हा पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीचं होतं. हसू नका, पुढचं ऐका. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क महापालिकेनं तिथं परदेशातून अमेरिकेत आश्रय मागायला आलेल्यांची नोंदणी आणि मुक्काम सुरू केला. तीन वर्षांचा करार, रक्कम सुमारे २२ कोटी डॉलर. व्हेनेझुएलाहून निघालेल्या कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून न्यूयॉर्कच्या तिजोरीतला पैसा निघाला पाकिस्तानकडे!

महापालिकेला हात झटकता येत नव्हते. बेघरांच्या एका खटल्यात १९८१ साली तडजोड झाली आणि निवारा मागेल त्याला तो देण्याचं शहरानं मान्य केलं. तेव्हा नजरेसमोर होते फुटपाथवर झोपणारे पुरुष. २०२२ पासून दोन लाखांवर माणसं दारात येतील, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता गंमत बघा. सीमा केंद्र सरकारची. आश्रय द्यायचा की नाही, हे केंद्र ठरवणार. कामाचा परवानाही केंद्राचाच. आश्रयाचा अर्ज केल्यावर १५० दिवस तो परवाना मागताच येत नाही, आणि १८० दिवसांआधी मिळत नाही. माणूस धडधाकट, हातात कसब, आणि सहा महिने त्यानं बसून खायचं. ताट वाढायचं शहरानं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

अमेरिकेतलंच डेन्व्हर तर सात लाख वस्तीचं शहर. तिथं सुमारे ४० हजार लोक आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महापौर माइक जॉन्स्टन यांनी क्रीडाकेंद्रांचे तास कमी केले, वाहन नोंदणीच्या कचेऱ्या आळीपाळीनं बंद ठेवायचं ठरवलं. बागांमधल्या वाफ्यांत यंदा फुलझाडं लावायची नाहीत, असंही जाहीर झालं. ज्याच्या घरासमोरचा वाफा ओसाड राहतो त्याचा राग केंद्रावर नाही निघत, नव्यानं आलेल्यावर निघतो.

पण एप्रिलमध्ये या शहरानं त्याच रिकाम्या सहा महिन्यांना हात घातला. आधीच आलेल्या सुमारे ८०० जणांना सहा महिने घर, अन्न, अर्ज भरायला मदत आणि कामाचं प्रशिक्षण. परवाना हातात पडेल त्या दिवशी माणूस कामाला तयार. वर्षाचा अंदाजी खर्च १८ कोटी डॉलरवरून ९ कोटींवर आला. मला हा हिशेब पटतो. मात्र त्यातली खोचही सांगायला हवी: नंतर येणाऱ्यांच्या वाट्याला एक ते तीन रात्रींचा निवारा, बस. बचतीतला मोठा वाटा त्यांच्याच पदरचा आहे.

आणि केंद्राचं अनुदान? फेब्रुवारी २०२५ मध्ये या निवाऱ्यासाठी न्यूयॉर्कला दिलेले सुमारे आठ कोटी डॉलर केंद्रानं शहराच्या बँक खात्यातून परत काढून घेतले. शहराला कोर्टात जावं लागलं. अनुदान अडकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. जमा झालेलं खात्यातून उचलून नेतात, हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.