सुराबाया : लाल पुलाच्या अलीकडे

(दृश्य : रहदारीचा रस्ता. रिक्षा, दुचाक्या. कॅमेरा वळतो आणि झाडांमागे अख्खी पाणबुडी दिसते.)

इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं सुराबाया शहर. समुद्र इथून काही किलोमीटर लांब आहे. तरीही पाणबुडी खरी आहे. नाव 'पासोपाती', म्हणजे शंकरानं अर्जुनाला दिलेलं पाशुपतास्त्र. व्लादिवोस्तोकला १९५२ साली बांधलेली ही सोव्हिएत पाणबुडी साठच्या दशकात इंडोनेशियाच्या नौदलात आली. निवृत्त झाल्यावर तिचे तुकडे केले, ते इथं आणून पुन्हा जोडले आणि १९९८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकातून अंग चोरून घुसावं लागतं. पोरं खूश असतात. उंच माणसांनी डोकं सांभाळावं.

(दृश्य : पाणबुडीच्या मागून वाहणारी नदी. गढूळ पाणी.)

आपण मात्र निघालोय पाणबुडीमागच्या या नदीबरोबर. कालीमास. 'काली' म्हणजे नदी आणि 'मास' म्हणजे सोनं. रंगावर जाऊ नका. ब्रांतास नदीचा हा फाटा शहराच्या मधून उत्तरेला समुद्राकडे जातो आणि सुराबायाचं जुनं जे काही आहे ते बहुतेक याच्याच आसपास आहे. ब्रोमो ज्वालामुखीवरचा सूर्योदय गाठायला आपली मंडळी सुराबायाच्या विमानतळावर उतरतात, गाडीत बसतात आणि शहर न बघताच डोंगराकडे निघतात. एक दिवस थांबा. ऊन मे महिन्यातल्या मुंबईसारखं आहे, तेवढी तयारी ठेवा.

(दृश्य : दाट झाडांखाली बसलेली दगडी मूर्ती. उदबत्तीचा धूर. कॅमेरा हळूहळू खाली, आसनावरच्या अक्षरांकडे.)

राज्यपालांच्या निवासासमोरचं हे उद्यान. लोक या मूर्तीला 'जोको दोलोग' म्हणतात आणि फुलं वाहतात. मुंडण केलेलं डोकं, मांडी घातलेली, उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे. बुद्धाच्या अक्षोभ्य रूपातला हा तेराव्या शतकातला जावाचा राजा कृतनगर, असं मानतात.

आता आसनाकडे बघा. मूर्तीभोवती ओळी फिरल्यात. लिपी जुनी जावानीज आहे, पण भाषा संस्कृत आणि रचना श्लोकांत. कवीचं नाव नाद. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी : भराड नावाच्या सिद्ध मुनीनं जावा बेटाचे दोन भाग केले होते, कुंभातल्या पाण्यानं सीमा आखून. दोन भावांची भांडणं मिटावीत म्हणून. पुढे ते तुकडे पुन्हा एक झाले. आणि शेवटी तिथी येते, शके १२११. म्हणजे इसवी सन १२८९. आपल्या घरातल्या पंचांगावर छापलेला शक तो हाच. सुराबायाच्या बागेत, झाडाखाली, दगडावर.

डच काळात ही मूर्ती मजापहितच्या परिसरातून इथं आणली. कृतनगरानं मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या दूताला अपमान करून परत पाठवलं होतं. खानाचं आरमार सूड घ्यायला निघालं, पण ते पोचण्याआधीच कृतनगर घरच्याच बंडात मारला गेला. त्याचा जावई राडेन विजय पक्का होता. त्यानं मंगोलांनाच हाताशी धरून सासऱ्याच्या मारेकऱ्याचा काटा काढला आणि मग मंगोलांनाही पिटाळलं. सुराबाया शहर आपला वाढदिवस ३१ मे १२९३ मानतं, तो या विजयाचा. राडेन विजयानं उभं केलेलं राज्य म्हणजे मजापहित. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या वळणावर ते एका हॉटेलवर आहे.

(दृश्य : तुंजुंगान रस्ता. पांढरी इमारत, वर ध्वजस्तंभ. कॅमेरा स्तंभावर स्थिर.)

हॉटेल मजापहित. सिंगापूरचं रॅफल्स ज्या आर्मेनियन सार्कीस कुटुंबानं काढलं, त्यातल्याच एकानं १९१० मध्ये हे बांधलं. तेव्हा नाव 'ओरांये'. जपानी आले आणि 'यामातो' झालं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरला आणि दोनच दिवसांत इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. पण जपानी छावण्यांतून सुटून आलेल्या डचांना वाटत होतं की आपलं राज्य पुन्हा जागेवर आलं.

१९ सप्टेंबरची सकाळ. छतावर डच झेंडा फडकताना लोकांना दिसला. लाल, पांढरा, निळा. खाली गर्दी जमली. आत बोलणी फिसकटली, झटापट झाली, डचांचा पुढारी प्लोखमान त्यात मेला. तेवढ्यात काही तरुण भिंतीवरून वर चढले. दुसरा झेंडा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी तोच खाली ओढला, निळा पट्टा फाडून टाकला आणि उरलेला पुन्हा वर चढवला. लाल आणि पांढरा. इंडोनेशियाचा.

(दृश्य : स्तंभावरचा आजचा झेंडा, जवळून. वाऱ्याचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : अरुंद गल्ली. कुंड्या, पिंजऱ्यातले पक्षी, दुचाकी हातानं ढकलत नेणारा माणूस.)

पेनेलेह वस्ती. गल्लीत शिरताना दुचाकीवरून उतरायचं, हा इथला शिरस्ता. या घरात चोक्रोअमिनोतो राहत. 'सारेकत इस्लाम' या राष्ट्रवादी मुस्लिम संघटनेचे नेते. भाड्यानं मुलं ठेवत. त्यांतला एक होता सुकार्नो, पुढे इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला. जन्मही याच शहरातला, १९०१ चा. त्याची खोली माळ्याच्या अंधारात. खिडकी नाही, म्हणून दिवसाही दिवा लावावा लागे. पुढे कम्युनिस्ट झालेला मुसो इथलाच आणि इस्लामी राज्यासाठी बंड करणारा कार्तोसुविर्योही इथलाच. एकाच स्वयंपाकघरात जेवलेले हे तिघे पुढे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. घर इतकं लहान आहे की कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नव्हती.

(दृश्य : मोकळं मैदान. मधोमध उंच स्मारकस्तंभ. शाळेची सहल.)

तुगू पाहलावान, वीरांचा स्तंभ. शिकवणी घेतल्यासारखा बांधलाय. अंगावर १० खाचा, ११ टप्पे आणि उंची ४१.१५ मीटर, म्हणजे ४५ यार्ड. आकडे जुळवा : १० नोव्हेंबर १९४५, सुराबायाच्या लढाईची तारीख. उद्घाटन सुकार्नोंच्या हस्ते, १९५२ साली. जागा जुन्या डच न्यायालयाची, जिथं जपान्यांच्या काळात केंपेताई, म्हणजे त्यांचे लष्करी पोलीस, बसत. जमिनीखाली संग्रहालय आहे. तिथं बुंग तोमोचा आवाज ऐकू येतो. रेडिओवरून शहराला लढायला उठवणारा पंचविशीतला तरुण. ज्या घरातून तो बोलला ते जतन करायच्या वास्तूंमध्ये गणलेलं होतं, तरी २०१६ मध्ये पाडलं गेलं. म्हणून ते या फिल्ममध्ये नाही.

लढाई कुणाशी? ते बघायला नदीबरोबर आणखी थोडं खाली जावं लागतं.

(दृश्य : लाल कठड्यांचा पूल. कॅमेरा पुलावरून पश्चिमेला वळतो. बागेपलीकडे मोठी डच काळातली इमारत.)

जेंबातान मेरा, लाल पूल. पूर्वेला चिनी पेठ, तिच्या उत्तरेला अंपेलची मशीद आणि अरबांचा बाजार, खजूर-अत्तराचा. पश्चिमेला डचांची कार्यालयं. समोर दिसतेय ती इंटरनाशिओ, एका डच व्यापारी कंपनीची कचेरी.

२५ ऑक्टोबर १९४५ ला ब्रिगेडियर मॅलबी आपली ४९ वी ब्रिगेड घेऊन सुराबायाला उतरला. ब्रिटिशांचं सैन्य, असं पुस्तकांत लिहितात. ब्रिगेडचं खरं नाव ४९ वी इंडियन इन्फन्ट्री ब्रिगेड. राजपुताना रायफल्स होती. आणि होती मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव केंद्राची. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून भरती करणारी. काम सांगितलं होतं दोन गोष्टींचं : जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची आणि छावण्यांतले युद्धकैदी सोडवायचे. मॅलबीनं इंडोनेशियन गव्हर्नर सूर्योंच्या लोकांशी बोलून समझोताही केला. २७ तारखेला वरिष्ठांच्या विमानानं शहरावर पत्रकं टाकली, शस्त्रं ठेवा नाहीतर गोळी. मॅलबीचा शब्द तिथंच मोडला. दुसऱ्या दिवशी शहरभर विखुरलेल्या तुकड्यांवर हजारोंचे जमाव तुटून पडले. २९ ला सुकार्नो विमानानं आले, युद्धबंदी झाली.

३० ची संध्याकाळ. या इमारतीत मराठ्यांच्या सहाव्या बटालियनची एक कंपनी होती. बाहेर, जिथं आता बाग आहे, तिथं जमाव. मॅलबी मोटारीत, जमावाला समजावायला आलेला. मग गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कुणाची, यावर अजून वाद आहे. अंधार पडल्यावर मॅलबी मोटारीतच मारला गेला. त्या जळक्या मोटारीचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

१० नोव्हेंबरला नव्या डिव्हिजननं जहाजांवरून, विमानांतून, रणगाड्यांनी शहर भाजून काढलं. तीन आठवडे लढाई चालली, हजारो माणसं मेली. ही डिव्हिजनही इंडियनच, पाचवी. नेहरूंनी तेव्हाच जाहीर निषेध केला होता की, दुसऱ्याचं स्वातंत्र्य दाबायला आमचे सैनिक वापरू नका.

(दृश्य : संध्याकाळ. पुलावर सेल्फी काढणारी मुलं, मागे इमारत.)

सगळे पुलावर उभे राहून फोटो काढतात, इमारत मागे येते. तुम्ही उलटं करा. बाग ओलांडून इमारतीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि पुलाकडे बघा. आपल्या पोरांना त्या संध्याकाळी चौक असा दिसत होता.

(दृश्य : त्याच जागेवरून पुलाकडे, स्थिर कॅमेरा. दिवे लागतात. फक्त रहदारीचा आवाज. हळूहळू अंधार.)