हिरवा रंग दिला तरी बोअरची पेटी दिसतेच? पान बघू नका, सावली बघा

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओत मी भेंडीच्या आळ्यांबद्दल बोलत होते आणि माझ्या पाठीमागे बोअरच्या स्टार्टरची पेटी होती. बऱ्याच जणांना ती दिसलीच नाही. ज्यांना दिसली त्यांनी एकच विचारलं, ताई, हा हिरवा कोणता? शिरपूरकडच्या एका दादांनी तर अहिराणीतच लिहिलं, "आम्हीबी हिरवा दिधा, तरी दिसस ना!" म्हणजे आम्हीही हिरवा दिला, तरी पेटी दिसतेच.

दादा, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठीच. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. लेकी माहेरी येणार, निंबाला झोका बांधला जाणार, फोटो निघणार, आणि त्या फोटोत मागे सेप्टिक टँकचा पाइप, पत्र्याचं कुंपण, बोअरचं केसिंग. त्यामुळे दरवर्षी या दिवसांत हा प्रश्न येतोच. त्यात सध्या रील फिरताहेत. अमेरिकेतल्या डिस्नेच्या बागांमध्ये कुंपणं, विजेच्या पेट्या, कचऱ्याचे डबे अशा राखाडी हिरव्याने रंगवतात की लोकांची नजर त्यावरून घसरून जाते. त्याला 'गो अवे ग्रीन' म्हणतात, म्हणजे 'नजरेआड हो' म्हणणारा हिरवा. ही गोष्ट खरी आहे. पण रीलमधला शेड नंबर घेऊन दुकानात जाऊ नका. फ्लोरिडाची ओली हिरवाई वेगळी, आणि आपल्या भुसावळचा वैशाखातला धुळीने माखलेला निंब वेगळा. त्यांची युक्ती घ्या, रंग आपल्या अंगणातून घ्या.

तयारीचं पटकन सांगते, ते बहुतेकांना माहीत आहे. गंज घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, लोखंडाला प्राइमर लावा. नव्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपावर थेट ऑइल पेंट नको. जस्ताशी त्याचं जमत नाही, मध्ये साबणासारखा थर होतो आणि वर्षभरात सालपटं निघतात. आधी एच प्राइमर (इंग्रजीत etch), म्हणजे जस्तावर पकड घेणारा प्राइमर लावा. पीव्हीसीला बारीक पॉलिश पेपर मारून बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन द्या. आणि जुनं गेट किंवा जुनी पेटी असेल तर रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या वर नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये ते भरपूर असू शकतं. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, लेकरं लांब ठेवा. झालं.

आता खरं बोलू या.

माझ्या माहेरी, यावल तालुक्यात, पहिल्यांदा हे काम मी केलं तेव्हा दुकानातून पोपटी ऑइल पेंट आणला होता. मनात हिशेब सरळ होता, झाड हिरवं, डबा हिरवा, म्हणजे डबा झाडात जाणार. दोन हात मारले. आखाजीला मावसबहिणीने झोक्यावरचे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत ती पेटी आमच्यापेक्षा जास्त उठून दिसत होती. आधी गंजलेली होती तेव्हा निदान मातीत मिसळून जायची. मला फार वाईट वाटलं होतं, कारण आईने मोठ्या हौसेने सगळ्यांना सांगितलं होतं की लेकीने अंगण सजवलं.

असं का झालं ते समजायला मला वेळ लागला. दिवसाच्या उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त जागा असतो. पोपटी तिथलाच. रस्त्यावर काम करणाऱ्या लोकांची जॅकेटं पाहिलीत ना, पोपटी-पिवळी? गाडीवाल्याला ती लांबून दिसावीत म्हणून तो रंग निवडलेला असतो. आणि आपण तोच रंग लपवायला वापरतो!

हा पुठ्ठा बघा. चपलांच्या खोक्याचा आहे, मध्ये रुपयाएवढं भोक पाडलंय. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि या भोकातून समोरच्या निंबाच्या बुंध्याकडचा गच्च भाग बघायचा. आजूबाजूचं काही दिसत नाही, फक्त भोकातला रंग दिसतो. मी आमच्या शेजारच्या आजींना हे करायला लावलं तर त्या म्हणाल्या, "अगं, हा तर काळाच आहे!" बरोबर. भोकात जे दिसतं ते काळपट, राखाडी, जरासं हिरवं असतं. कारण लांबून तुम्ही पान बघत नसता. पान, त्याखालची सावली, मागची फांदी, पुन्हा सावली, असा सगळा काला बघत असता, आणि त्यात सावलीचा वाटा मोठा असतो. आपण मात्र दुकानात काय नेतो? खुडलेलं एक कोवळं पान. ते शेड कार्डाला लावतो आणि म्हणतो, मॅच झालं. पान मॅच झालं हो, झाड कुठे झालं?

ज्यांना भोकाची भानगड नको त्यांनी मोबाइल घ्या. ज्या ठिकाणी बसून तुम्ही चहा पिता तिथून, म्हणजे ओट्यावरून, पेटी आणि झाड एकत्र येईल असा फोटो काढा आणि कृष्णधवल करा. आता रंगाचा प्रश्नच उरला नाही, फक्त उजळ आणि गडद उरलं. पेटी झाडापेक्षा उजळ दिसतेय? मग तुमचा हिरवा कितीही सुंदर असो, ती दिसणार. आमच्या त्या पोपटी पेटीचा फोटो मी नंतर असाच करून पाहिला, पेटी जवळजवळ पांढरी आली.

आणि मोबाइलही नको असेल तर डोळे किलकिले करा. पापण्यांच्या फटीतून बघा. जे आधी डोळ्यात येतं ते उजळ आहे. रंगवलेली पेटी डोळे किलकिले केल्यावर झाडात बुडाली पाहिजे.

मी हे तीनदा सांगतेय कारण कॉमेंटमध्ये तरी परत येणारच, "ताई, पण हा फारच काळा वाटतो." हो, डब्यात वाटतो. हातावर घेतला तरी वाटतो. दुकानदारही म्हणतो, हा मळकट रंग कोणी नेत नाही, त्यापेक्षा हा घ्या, फ्रेश आहे. फ्रेश नकोच आहे आपल्याला! शेड कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा रंगाचा एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा. काळ्याला 0, पांढऱ्याला 100. मी 10 च्या आसपास किंवा त्याखाली राहते. दुकानात 'आयएस 5 मधला 220' म्हणा, आयएस 5 म्हणजे रंगांच्या शेडचं भारतीय मानक, त्यातला तो ऑलिव्ह ग्रीन. सुरुवातीला तो चांगला. त्यात थोडा काळा आणि अगदी चमचाभर रेड ऑक्साइडचा रंग घातला की हिरव्याचा तोरा उतरतो. लाल हिरव्याला मारतो, म्हणून बेताने. तीन रंग एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या, ऑइल तर सगळे ऑइल.

एक गंमत दाखवते. ही वाटीत पिवडी आहे, जुन्या घरांना चुन्यात घालून लावायचे ती पिवळी माती. ही काजळी. हिरव्याचा थेंबसुद्धा नाही. आता कालवते... बघा. आला ना शेवाळी हिरवा? पिवळा आणि काळा मिळून हा रंग होतो. म्हणून मशीनवर रंग बनवून घेताना यलो ऑक्साइड आणि काळ्यातून येणारी शेड मागा. हे मातीचे रंग आपल्या उन्हातही लवकर उडत नाहीत. फक्त बेस, म्हणजे ज्यात मशीन रंग मिसळतं तो मूळ डबा, डार्क मागा. पांढऱ्या इमल्शनच्या डब्यात स्टेनरच्या, म्हणजे रंग मिसळायच्या घट्ट रंगाच्या, बाटल्या ओतत बसलात तर पिस्त्याच्या बर्फीच्या पलीकडे रंग जाणार नाही, आणि स्टेनर जास्त झालं की थर कच्चा राहतो.

चमक. यावर माझा फार राग आहे. ग्लॉसी ऑइल पेंट कितीही गडद घ्या, दुपारी त्यात आभाळ चमकतं आणि पेटी आरशासारखी ओरडते. मॅट घ्या, नाही मिळाला तर सॅटिन. चाळीसगावच्या एका ताईंनी लिहिलंय की मॅटवर धूळ बसते. बसू द्या ना ताई! निंबावर, कण्हेरीवर, मधुमालतीवर तीच धूळ बसलेली आहे. फाल्गुनानंतर आपल्याकडे झाडाचा रंगच अर्धा धुळीचा असतो. पेटी तेवढी पुसून लख्ख ठेवली तर ती एकटी वेगळी पडेल.

मग पावसाळ्यात काय, असं विचाराल. श्रावणात सगळं हिरवंगार होतं तेव्हा हा रंग जरा मरगळलेला वाटतो, मान्य. पण गडद असल्यामुळे तो झाडाखालच्या सावलीत जमा होतो. आणि आपण अंगणात बसतो कधी? उन्हाळ्यात, दिवस मावळल्यावर, खाटा टाकून. मी रंग त्या दिवसांसाठी निवडते.

डबाभर रंग विकत घेण्याआधी दीड-दोन फुटांचा प्लायचा तुकडा रंगवा, पेटीला टेकवून ठेवा आणि ओट्यावरून सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला बघा. जवळ जाऊन नाही! जवळून सगळंच दिसतं.

आता, हिरवा कुठे देऊच नये. पाइप कशाच्या पुढे उभा आहे ते बघा. झाडापुढे असेल तर हा हिरवा. भिंतीपुढे असेल तर भिंतीचाच रंग. सेप्टिकच्या पाइपचं गच्चीच्या वर गेलेलं टोक आभाळापुढे असतं, तिथे हिरवा खांबासारखा दिसतो, फिकट राखाडी द्या. बोअरचं केसिंग जमिनीलगत असतं, तिथे आपली काळी माती आहे, तपकिरी-काळा द्या. आमच्याकडे एकाच पाइपाला दोन रंग आहेत, निंबाच्या शेंड्यापर्यंत हिरवा आणि वर राखाडी. आणि क्लॅम्प, नट, पांढरा सॉकेट, सगळं रंगवा. मागच्या वर्षी मी सगळा पाइप सुंदर केला आणि एक पांढरी क्लिप राहिली. रोज संध्याकाळी माझं लक्ष थेट त्या क्लिपवरच जायचं.

विजेच्या मीटरची पेटी रंगवू नका, तिचा नंबर आणि सील दिसलं पाहिजे. गॅसच्या पिवळ्या पाइपालाही हात नको, तो पिवळा आहे तो ओळखू यावा म्हणून. प्लास्टिकच्या टाकीवर रंग टिकतच नाही, पापुद्रे निघतात. तिच्यापुढे बांबूची जाळी उभी करा आणि जाळी रंगवा.

कूलरबद्दल खूप जणांनी विचारलंय, आपल्याकडे खिडकीखिडकीला लोखंडी कूलर आहे. गडद रंग ऊन पितो. 45 अंशांत पश्चिमेच्या उन्हातला कूलर गडद हिरवा केलात तर टाकीतलं पाणी तापेल. तो फिकटच राहू द्या, दिसला तर दिसला. सावलीतला असेल तर अंगणाकडची बाजू खुशाल रंगवा, गवताच्या जाळ्या सोडून. उन्हातून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाचंही तेच.

रावेरच्या एका काकांनी लिहिलंय, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वेल लावा. काका, मीही लावलीय, ही बघा मधुमालती. पण ती चढायला वेळ घेते, आणि स्टार्टरच्या पेटीवर वेल नकोच, रात्री मोटार बंद पडली की हात कुठे घालणार? तुमच्या केळीच्या बागेच्या कडेला पेटी असेल तर रंग मात्र एक पायरी उजळ घ्या. केळीचं पान रुंद असतं, ऊन त्यातून झिरपतं, निंबाइतकी काळी सावली तिथे होत नाही. पुठ्ठ्याच्या भोकातून बघा, तुम्हालाच दिसेल.

दुपारी रंग देऊ नका. पत्रा तापलेला असतो, रंग वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. आता साडेसात वाजलेत. हा मागचा पत्रा अजून गार आहे, तो तापायच्या आत मला दुसरा हात मारून घ्यायचाय. तुमच्या पेटीचा कृष्णधवल फोटो पाठवा, ओट्यावरून काढलेलाच.