फासे, पात्रं आणि पांडवलेण्यांतली माणसं

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण रविवारी कुणा ना कुणाच्या घरी टेबलाभोवती फासे टाकत असतात, आणि त्यांना सोडायला आलेले आईवडीलही मागच्या रांगांत थांबलेत. त्यांच्यासाठी खेळ आधी थोडक्यात सांगते. चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. मुलं त्याला डीएम म्हणतात. तो जग उभं करतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. ‘तू नदीवर पोचलीस, नाव पलीकडच्या तीराला बांधलेली आहे, मागून घोड्यांच्या टापा ऐकू येतायत. काय करतेस?’ एवढाच प्रश्न. खेळाडू उत्तर देतो, जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा पडतो आणि गोष्ट पुढे सरकते. संध्याकाळ संपते, गोष्ट संपत नाही. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू होते.

मला मात्र आज या खेळातल्या एका पुस्तकाबद्दल बोलायचंय: पात्रांचं सोर्सबुक. मूळ नियमपुस्तकात पात्रांचे मोजके प्रकार असतात. सोर्सबुक त्यात भर घालतं, म्हणजे नवे पेशे, नवी घराणी, नव्या विद्या, नवी हत्यारं. असं पुस्तक मराठीत, गोदाकाठच्या मातीतलं लिहायचं ठरवलं तर त्यात काय असावं आणि काय मुळीच असू नये, हे सांगायला मी उभी आहे.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ आणला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई 1000 प्रतींची. त्याआधी लोक टेबलावर छोटे सैनिक मांडून लढायांचे खेळ खेळत, तेव्हा एका खेळाडूच्या हाताखाली अख्खी फौज असे. अर्नेसनच्या मंडळींनी फौज बाजूला ठेवली आणि प्रत्येकाच्या हाती एकच माणूस दिला. पुढचं सगळं त्या एका निर्णयातून आलं, कारण फौजेला बालपण नसतं, उधारी नसते, रुसलेला भाऊ नसतो. माणसाला हे सगळं असतं.

पण त्या पुस्तिकांत यातलं जवळपास काहीच नव्हतं. पात्रांचे प्रकार तीन: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर आला तो 1975 च्या पुरवणीत. गुण सहा: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. तीन फासे एकूण 216 तऱ्हांनी पडतात. त्यांतल्या 54 तऱ्हांत बेरीज दहा किंवा अकरा येते, अठरा मात्र एकाच तऱ्हेनं. त्यामुळे बहुतेक पात्रं मध्यम निघायची. मला ते फार आवडतं. हल्ली बऱ्याच टेबलांवर चार फासे टाकून सर्वांत लहान काढून टाकतात, त्यानं सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या जवळ जाते. पात्रं दणकट होतात खरी, पण एकमेकांसारखीही होतात.

1977 मध्ये ‘ट्रॅव्हलर’ नावाचा अंतराळातला खेळ आला आणि त्यानं पात्राला भूतकाळ दिला. नौदलात किती वर्षं काढली, व्यापारी जहाजावर काय शिकलात, हातात काय उरलं, हे सगळं खेळाआधी फाशांवर ठरायचं. त्या नोकरीत पात्र मरूही शकायचं, म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच कागद फाडून नवा घ्यावा लागायचा. 1989 पासून डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या बाजूनं लढवय्यांसाठी वेगळं पुस्तक, चोरांसाठी वेगळं पुस्तक अशी रांगच लागली. तेव्हापासून आजतागायत सोर्सबुकांचा ओघ थांबलेला नाही.

आता माझी तक्रार. यातली बरीच पुस्तकं शेवटी शक्तींची यादी होऊन बसतात. नवा पेशा म्हणजे नवा फायदा. खेळाडू पान उघडतो, आकडा बघतो, बेरीज करतो, पान मिटतो. त्या पेशाची माणसं सकाळी उठून काय करतात, कुणाला घाबरतात, कुणाचं देणं लागतात, याचा पत्ता नसतो. मी सोर्सबुकाचं पान एकाच कसोटीवर घासून बघते: हे पान वाचून पुढच्या अर्ध्या तासात टेबलावर काही घडेल का? ‘तुझ्या तलवारीला आणखी दोन मिळतात’ यातून काही घडत नाही. ‘तुझ्या गुरूनं तुझ्या नावावर कर्ज काढलंय आणि सावकार दारात उभा आहे’ म्हटलं, की चौघंही खुर्चीत पुढे सरकतात.

आणि असं साहित्य शोधायला नाशिककरानं लांब जायचं कारणच नाही. पांडवलेण्यांवर, आपल्या शहराजवळच्या बौद्ध लेण्यांवर, तुम्ही सगळे शाळेच्या सहलीत चढला असाल. तिथल्या भिंतींवर प्राकृतात कोरलेले लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान या शक राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यानं लेणं दान केलं आणि सोबत 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवी म्हणून गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन. 2000 कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजानं. 1000 कार्षापण विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दरानं. हिशेब करा. दोन हजारांवर महिन्याला 20, वर्षाला 240. लेखात पुढे म्हटलंय की वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, या लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 मिळावेत. वीस गुणिले बारा, 240. तंतोतंत! आणि एक अट: मुद्दल परत करायचं नाही, व्याजच तेवढं उपभोगायचं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही कोरलंय.

त्या अटीजवळ जरा थांबा, कारण माझ्या डोक्यातलं सोर्सबुक तिथून सुरू होतं. मुद्दल परत करायचं नाही याचा अर्थ ही श्रेणी या देण्यातून कधीच मोकळी होणार नाही. आजोबांनी घेतलेली ठेव नातवाला पुरणार आणि नातवाच्या नातवाला बांधून ठेवणार. आता कल्पना करा, सलग दोन वर्षं पाऊस नाही. कापूस नाही, माग थंड पडलेत, वर्षावास महिन्यावर आलाय आणि डोंगरावर वीस भिक्षू अंगावरच्या विरलेल्या चीवरांनिशी वाट बघतायत. तुमचं पात्र या श्रेणीतली अठरा वर्षांची मुलगी आहे आणि व्याज घेऊन डोंगर चढायची पाळी तिची आहे. तिच्याकडे एकही मंत्र नसला तरी मी या पात्रावर सहा महिने कॅम्पेन, म्हणजे दर रविवारी पुढे सरकणारी सलग गोष्ट, चालवीन.

अशी माणसं त्या भिंतींवर बरीच आहेत. उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, इथे येऊन बौद्ध भिक्षूंसाठी लेणं खोदवतो. शक अग्निवर्म्याची मुलगी विष्णुदत्ता आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कायमची ठेव ठेवते, आणि ती ज्या श्रेणींकडे ठेवते त्यांत तेल्यांची श्रेणी आहे आणि ओदयंत्रिकांची, म्हणजे पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांचीही. चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, कमानीवर तर दान कुणा एकाचं नाहीच, धंभिक नावाच्या अख्ख्या गावाचं आहे. पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांची श्रेणी! जगातल्या कुठल्याही फँटसी लेखकानं हेवा करावा असा पेशा आपल्याला दगडावर लिहून मिळालाय.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आले त्या मुद्द्याकडे वळते. या खेळाच्या जुन्या पुस्तकांत जन्मावरून आकडे ठरायचे. 1978 च्या नियमांत बाईच्या बळाला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती. मानवेतर वंशांतल्या पात्रांना बहुतेक पेशांत ठरावीक पायरीच्या पुढे जाताच येत नसे. 2000 सालच्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क म्हणून, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा राक्षसी जीव म्हणून, जन्मलेल्याचं बळ दोननं वाढायचं, बुद्धी आणि छाप दोन-दोननं घटायची. 2020 मध्ये हे वाढीव गुण हवे तिकडे फिरवण्याची मुभा मिळाली आणि 2024 च्या नियमांत जन्माचा आणि गुणांचा संबंधच तोडला. आता वाढीव गुण पात्राच्या पार्श्वभूमीतून येतात, ते आधी काय काम करत होतं त्यातून. यावर तिकडे पुष्कळ वाद झाले. मला त्या वादांत आज शिरायचं नाही.

पण आपण नाशिकमध्ये बसलोय. इथून थोड्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. 2 मार्च 1930 ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, आणि जन्मावरून दार बंद ठेवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ते उघडलं नाही. 1935 मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या गावात बसून ‘अमुक कुळात जन्म, बुद्धी उणे दोन’ अशी ओळ मराठीत लिहायची? माझ्या हातून ती लिहिली जाणार नाही आणि तुम्हीही लिहू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

कुणी म्हणेल, मग जगात विषमता दाखवायचीच नाही का? दाखवायची. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू राजा पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी या म्हाताऱ्या आईनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन कोरवून घेतलं. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. तो प्रजेच्या सुखदुःखात सारखाच वाटेकरी होता. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायची त्याला आवड नव्हती. आईच्या सेवेत त्यानं कधी खंड पडू दिला नाही. पात्राचं इतकं भरघोस वर्णन मी कुठल्या सोर्सबुकात वाचलेलं नाही. आणि त्याच लेखात, त्याच अभिमानानं, त्यानं चार वर्णांची सरमिसळ थांबवली असंही म्हटलंय.

ते वाक्य लपवू नका, जगात ठेवा. ते राजाचं धोरण म्हणून येऊ दे, एखाद्या पुरोहिताची समजूत म्हणून, वेशीवरच्या शिपायाचा उद्दामपणा म्हणून येऊ दे. पात्रांना त्याच्याशी भिडता येतं, त्याला फसवता येतं, ते उलथवता येतं. पण तेच वाक्य नियमात शिरलं की निसर्गाचा कायदा होऊन बसतं. राजाशी भांडता येतं. फाशात मिळवलेल्या उणे दोनशी कोण भांडणार? म्हणून माणसांनी माणसांवर लादलेलं सगळं गोष्टीत जावं, आणि पात्राच्या कागदावर आकडे यावेत ते त्यानं शिकलेल्या आणि केलेल्या कामाचे. लेण्यांच्या भिंतीच बघा ना. शकाची मुलगी, यवन, अख्खं गाव, राजाची आई, सगळ्यांची दानं एकाच डोंगरात आहेत.

आता नोंद कशी लिहायची ते सांगते. माझ्या टेबलावर मी प्रत्येक पेशाला तीन गोष्टी मागते: कुणाचं देणं आहे, कोणतं काम डोळे मिटून येतं, आणि या पेशाच्या माणसानं काय केलं तर त्याचे लोक त्याला घरात घेणार नाहीत. ओदयंत्रिकाचं उदाहरण घेऊ. देणं: औषधांच्या ठेवीचं व्याज. काम: वाहतं पाणी बघून त्याचा जोर, खोली आणि वळण ओळखणं, नदी, पूर, पाट, विहीर असं काही आलं की वीस बाजूंच्या फाशात दोन मिळवा. निषेध: पाणी तोडणं. ओदयंत्रिक कुणाच्याही शेताचं, शत्रूच्याही शेताचं, पाणी बंद करत नाही. मग सूत्रधारानं फक्त एवढंच करायचं की वेढा घातलेला किल्ला समोर आणायचा, आणि सेनापतीला म्हणायला लावायचं, ‘टाक्याचं पाणी तोड, लढाई उद्याच संपेल.’ या प्रसंगात मी पंधरा वर्षांच्या मुलामुलींना तासभर तावातावानं वाद घालताना पाहिलंय, आणि त्या तासात एकही फासा पडला नव्हता.

जादू हवीच असेल तर जरूर असू दे. फक्त तिलाही देणं लावा. रंगपंचमीला आपल्याकडे पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाचे खोल हौद, उघडतात, एरवी त्या रस्त्याखाली बुजलेल्या असतात. वर्षातून एकदाच उघडणारी, एका मोहल्ल्याच्या ताब्यातली रंगाची विहीर: तिच्यात उडी मारणाऱ्याला काय दिसतं, आणि वर्षभर ती राखणाऱ्यांना त्याबद्दल काय मिळतं? हे लिहायला बाहेरून ड्रॅगन आणावा लागत नाही.

शेवटी थोडं व्यवहाराचं. जानेवारी 2023 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अ‍ॅट्रिब्युशन 4.0 परवान्याखाली खुला झाला. श्रेय नोंदवलं की त्याचं भाषांतर करता येतं, त्यात भर घालता येते, पुस्तक विकताही येतं. मात्र त्यांच्या इतर पुस्तकांतली पात्रं आणि जगं त्यात येत नाहीत, ती घेऊ नका. आपल्याला ती लागणारही नाहीत.

मागच्या रांगांतल्या आईवडिलांना माझं एक मागणं आहे. ज्यांच्या घरी तांबटकाम झालंय, विणकाम झालंय, नदीवर नाव चालवली गेलीय, मोट हाकली गेलीय, त्यांनी त्या कामातली अवजारं, मापं, शिव्या, शपथा, सगळं मुलांना सांगा. मुलांनो, तुम्ही ते वहीत जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखनाच्या नादी लागू नका. येताना एकेका पेशाची तीन उत्तरं घेऊन या: देणं, काम, निषेध. फासे मी आणीन.