थेंब कुठून पडतो

(दृश्य: चिपळूण. उजाडतंय, पाऊस नुकताच थांबलाय. गॅरेजच्या कोब्यावर पांढरी मारुती 800, खाली वर्तमानपत्राची पानं.)

रात्री गॅरेज बंद करताना मिस्त्रींनी या गाडीखाली वर्तमानपत्राची पाच पानं अंथरली. चार चाकांच्या आतल्या बाजूला एकेक, आणि पाचवं पुढं, ड्रायव्हरच्या पायांखाली येईल असं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला दगड ठेवले. आता चार पानं कोरडी आहेत. डाव्या मागच्या चाकाखालच्या पानावर मात्र रुपयाएवढा डाग आहे.

डागाला रंग जवळजवळ नाही. कागद तिथं आरपार दिसायला लागलाय, भजी बांधून आणलेल्या कागदासारखा.

(दृश्य: पाण्याच्या दोन वाट्या. बोटावरून पडणारा थेंब, अगदी जवळून.)

हा थेंब कशाचा, हे आधी ठरवायचं. जुन्या गाडीखाली इंजिन ऑइल पडू शकतं, गिअर ऑइल पडू शकतं, पावसाचं पाणी तर पडतंच. मिस्त्री दोन वाट्यांत पाणी घेतात. पहिल्या वाटीत इंजिन ऑइलचा थेंब सोडतात. तो वर तरंगतो आणि इंद्रधनुष्यासारखा पसरतो. दुसऱ्या वाटीत टायरच्या आतल्या बाजूनं बोटावर घेतलेला ओलावा. तो पाण्यात उतरतो, विरघळतो, दिसेनासा होतो.

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे, पाण्यात मिसळणारं, हवेतला दमटपणाही ओढून घेणारं. कोकणात ही गोष्ट विसरून चालत नाही. डॉट 3 या दर्जाचं नवं, कोरडं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची भांडी, तापतात, ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही. ब्रेकचं सगळं काम या एका फरकावर उभं आहे.

(दृश्य: बाई गाडीजवळ उभ्या, हातात छत्री. मागं घराची भिंत, त्यावर मातकट रेघ.)

ही गाडी एका निवृत्त शिक्षिकेची. मिस्त्री त्यांचे विद्यार्थी, म्हणून अजूनही ‘बाई’च म्हणतात. पहिली मारुती 800 रस्त्यावर आली 1983 च्या डिसेंबरात, आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत 25 लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यातली ही एक, नव्वदच्या दशकातली.

भिंतीवरची रेघ 22 जुलै 2021 ची आहे. त्या दिवशी वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, घरांचे आणि दुकानांचे तळमजले बुडाले. ही गाडी अंगणातच होती. पाणी ओसरल्यावर गावात रांगेनं गाड्या उभ्या होत्या, दारं उघडी, आतल्या सीटांवर गाळ. तीनच आठवड्यांनी, 13 ऑगस्टला, केंद्र सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं. त्या दिवसांत चिपळुणात गाडी भंगारात देणं सोपं होतं, ठेवणं अवघड. बाईंनी ठेवली.

(दृश्य: जुना फोटो. अंगणात उघडून ठेवलेले मागचे दोन्ही ड्रम, शेजारी पाण्याची नळी.)

हा फोटो तेव्हाचा. ड्रम धुतले, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर वाळवले, बेअरिंगात नवं ग्रीस भरलं. ब्रेकचे सिलेंडर मात्र उघडले नव्हते. बाहेरून ठीक दिसत होते, आणि पंधरा गाड्या दारात उभ्या असताना कुणी प्रत्येकीचा सिलेंडर उघडत बसत नाही. गाळ मात्र कुठंच घाई करत नाही. तो बसून राहतो.

गेल्या पावसाळ्यापासून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी दर महिन्याला थोडी खाली जायची. पुढच्या चाकांचे पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, ते चालतं. दर महिन्याला उतरते, तेव्हा ते ऑइल कुठंतरी बाहेर जात असतं. एका ठिकाणी बाईंना सांगितलं गेलं, ‘वरून भरत राहा.’ त्यांनी भरलं. मे महिन्यात कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचं पेडल खाली गेलं. गिअर आणि हँडब्रेकवर गाडी डोंगराच्या बाजूला थांबली.

(दृश्य: बाईंचा हात स्टिअरिंगवर. काही सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: बॉनेट उघडं. पांढरी प्लॅस्टिकची डबी, आतलं ऑइल चहाच्या रंगाचं.)

मिस्त्री सगळ्यात आधी पेडल दाबतात आणि पाय तसाच ठेवतात. पाय न हलवता पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठंच ओल नसेल, तर मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलच्या दाबानं ऑइल चारही चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलेंडर, आतल्या आत ऑइल सोडतोय असं समजायचं. इथं पेडल मऊ आहे, पण एका जागी टिकतं. मग ते पेडलच्या वरच्या बाजूला बोट फिरवतात, पायाखालचं रबर उचलून बघतात. कोरडं. पुढच्या दोन्ही चाकांचे होज, म्हणजे रबरी नळ्या, वाकवून बघतात, भेगा शोधतात. कोरडे.

हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात. कागदावरच्या डागानं जागा कधीच सांगितलेली असते, तरी मिस्त्री बाकीचं बघितल्याशिवाय मागं जात नाहीत. एक गळती सापडली की माणूस शोधायचं थांबतो, आणि दुसरी तशीच राहते. त्यांचं हे म्हणणं पुढं खरं ठरतं.

(दृश्य: पुढच्या चाकांना दगड, जॅक, खाली लोखंडी स्टँड. चाक निघतं.)

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कुणी जायचं नाही, गॅरेजमधल्या पोरालाही हे पहिल्या दिवशी शिकवलंय. हँडब्रेक सोडलेला. मधली टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, नट काढला. ड्रम येत नाही. लायनरनं आत खाच पाडली की ड्रम कडेला अडकतो. हातोडीचे हलके टोले, फिरवून फिरवून, चारी बाजूंनी. एकाच जागी जोरात मारलं तर बीड तडकतं.

(जागेवरचा आवाज: टोले. मग ड्रम सुटल्याचा आवाज.)

इथं कॅमेरा आम्ही मुद्दाम जवळ नेला. ड्रमच्या आत जी कोरडी करडी धूळ असायला हवी, तिचा काळा चिखल झालाय. दोन्ही लायनर भिजलेत. ही धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. मिस्त्री पाणी मारतात आणि ओल्या फडक्यानं पुसून घेतात.

मग वरचा छोटा सिलेंडर. त्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एक टोपी जराशी उचलली आणि आतून धार लागली.

(जागेवरचा आवाज. मिस्त्री: “बाई, हे बघा. इथनं जातंय.” बाई: “अरे, म्हणजे मी वरून भरत होते ते सगळं इथं?” मिस्त्री: “सगळं नाय. थोडं अजून कुठंतरी जातंय.”)

(दृश्य: पाइप सुटतो, सिलेंडर बाहेर. पिस्टन, रबराचे कप, स्प्रिंग फडक्यावर मांडलेले.)

पेडल दाबलं की या बोटभर नळीत ऑइल येतं, दोन पिस्टन दोन बाजूंना सरकतात आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. ऑइल अडवून धरतात ते रबराचे दोन कप. कप झिजले असतील तर नव्या कपांचं किट बसवून काम भागतं, खर्चही कमी येतो. म्हणून मिस्त्री सिलेंडर उजेडाकडे धरतात आणि आत बघतात.

आत खड्डे आहेत. वरचा भाग आरशासारखा, आणि तळाशी, जिथं पाणी साचून राहतं तिथं, टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे खड्डे, एका ओळीत. ऑइलमध्ये मिसळलेल्या पाण्यानं ही जागा शांतपणे खाल्ली. पॉलिश पेपर मारला तर ती चकचकीत दिसेल, खड्डे तिथंच राहतील, आणि नवा कप त्यांवर घासून दोन महिन्यांत फाटेल. इथं किट घालायचं नाही. सिलेंडर नवा.

लायनरही नवे, आणि दोन्ही बाजूंचे. भिजलेला लायनर भट्टीवर धरून ऑइल जाळायची पद्धत जुनी आहे, पण मुरलेलं ऑइल गरम झालं की पुन्हा वर येतं. एकाच बाजूचा बदलला तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

(दृश्य: मिस्त्री गाडीखाली, हातात बॅटरी. मागच्या अॅक्सलवरची नळी, क्लिपेखाली मातीचा गोळा.)

दुसरी गळती ही. ऑइल नेणारी लोखंडी नळी, गॅरेजच्या भाषेत बंडी पाइप, अॅक्सलवर एका क्लिपेनं बांधलेली असते. क्लिपेच्या मागं गाळ बसला, दर पावसाळ्यात ओला झाला, दर उन्हाळ्यात वाळला. खरवडल्यावर नळी फुगलेली दिसते. पोरगा आत पेडल दाबतो आणि गंजातून घाम फुटावा तसा ओलावा येतो. अजून थेंबही पडत नव्हता. नुसता सिलेंडर बदलून गाडी दिली असती, तर नवा घट्ट सिलेंडर आणि कुजलेली नळी, सगळा दाब हिच्यावर.

(दृश्य: नळी कापणं, नट ओवणं, फ्लेअर टूलमध्ये टोक दुमडणं. हा भाग पूर्ण ठेवला आहे.)

हे काम बघण्यासारखं आहे. जुनी नळी फडक्यावर ठेवून तिच्या मापानं नवी कापायची. टोकाचा बारीक कीस काढायचा. नट आधी ओवायचा, कारण टोक दुमडल्यावर तो जात नाही. मग टोक एकदा फुगवायचं आणि आत दुमडायचं. दुहेरी घडी, कारण एकेरी घडी चिरते. शेवटी अंगठ्यांनी वाकवत वाकवत जुन्या नळीचीच वळणं नव्या नळीला द्यायची, कुठंही चिमटा न पडू देता. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण गाडीच्या हादऱ्यांनी ती कडक होते आणि तडकते. ब्रेकला ती लावायची नाही. इथं लोखंडीच लावली, आणि क्लिपेखाली रबराचा तुकडा घातला.

जोडताना रबराच्या सगळ्या वस्तू नव्या ब्रेक ऑइलनंच धुतल्या. पेट्रोल, डिझेल, ग्रीस यांचा हात लागला की ही रबरं फुगतात. बाटलीचं सील कॅमेऱ्यासमोर तोडलं. अर्धी उरलेली जुनी बाटली या कामाला चालत नाही.

(दृश्य: पोरगा ड्रायव्हरच्या सीटवर, मिस्त्री मागच्या चाकाशी. हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं.)

(जागेवरचा आवाज: “मार. मार. मार. धर! सोडू नको… हां, सोड.”)

आता एअर काढायची. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे डावं मागचं. तीनदा दाबून पेडल धरायचं, निपल उघडायचा, बुडबुडे बाहेर. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. मधेमधे वरची डबी भरायची; ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. आधी चहाच्या रंगाचं येतं, मग फिकट, मग स्वच्छ. चारही चाकांना हेच.

(दृश्य: पेडलवर पाय. पेडल वरच थांबतं.)

मिस्त्री पूर्ण जोरानं एक मिनिट पेडल दाबून धरायला लावतात आणि स्वतः प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवतात. गॅरेजच्या आवारात चालण्याच्या वेगानं ब्रेक लावून बघतात. बाहेर सांडलेलं ऑइल पाण्यानं धुऊन टाकतात, ते रंग उचकटतं.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. गाडीखाली पुन्हा पाच पानं. बाई वाकून एकेक उचलतात.)

पाचही कोरडी.

(जागेवरचा आवाज. मिस्त्री: “बाई, पंधरा दिवसांनी एकदा आणा. डावा ड्रम परत उघडून बघतो.” बाई: “आणि उजवा?” मिस्त्री: “तोपण. पाणी दोन्हीकडे होतं.”)

(दृश्य: गाडी आवारातून बाहेर पडते. वळणाआधी मागचे लाल दिवे लागतात.)