हात सुजला म्हणून कामाला बंदी नको

नमस्कार, श्रोतेहो. ज्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय त्या माझ्या मैत्रिणींशी आणि त्यांच्या घरच्यांशी आज मला बोलायचंय.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, रिपोर्ट चांगले आले. मग वर्ष-दोन वर्षांनी एक दिवस ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातातल्या बांगड्या रुतायला लागतात. ब्लाउजची बाही दंडाला अडकते. सूज अजून दिसत नाही, पण हात जड वाटतो. बाई काय करते? बाही उसवून घेते, एक माप मोठ्या बांगड्या भरते आणि गप्प बसते. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला याचंच फार वाईट वाटतं, कारण ही सूज याच वेळी सगळ्यात चांगली आटोक्यात येते.

हातातलं लसिका नावाचं पाणी काखेत सगळ्यांनाच असणाऱ्या छोट्या गाठींमधून पुढे जातं. कॅन्सरमुळे त्या गाठी काढाव्या लागतात, रेडिएशनने उरलेल्या वाटाही आकसतात आणि पाणी हातात साचतं. हाच लिम्फेडीमा. काखेतल्या बऱ्याच गाठी काढल्या असतील तर साधारण पाचांत एकीला तो होतो. तपासणीपुरत्या एक-दोनच काढल्या असतील तर वीसांत एखादीला. सूज आली म्हणजे कॅन्सर परतलाच असं नाही, पण डॉक्टरांना एकदा दाखवाच. अचानक आली असेल तर लगेच.

घरात पहिला उपाय होतो तो तेल लावून जोरात चोळण्याचा आणि गरम शेकाचा. दोन्ही नकोत, त्याने सूज वाढू शकते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनीही ती उतरत नाही.

आणि मग सल्ला मिळतो, ‘त्या हाताने काहीच करू नका.’ सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या घरकुलात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं. शिवाय ते खरंही नाही. स्नायू हलले की साचलेलं पाणी पुढे सरकतं. अमेरिकेत लिम्फेडीमा असलेल्या 141 बायकांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांनी वर्षभर, हळूहळू वाढवत, वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रकार कमी झाले. तेव्हा भाकरी थापा, विड्या वळा. फक्त ऑपरेशननंतर एकदम घागर उचलायला जाऊ नका, ताकद हळूहळू वाढवा. विड्या वळताना अर्ध्या तासाने सूप बाजूला ठेवा, हात खांद्याच्या वर धरा आणि दहा-पंधरा वेळा मूठ घट्ट मिटा, उघडा. एवढ्याने हजार विड्यांची हजारी काही चुकत नाही.

सूज आलेलीच असेल तर पट्ट्या बांधणं, हलक्या हाताचा खास मसाज आणि दाब देणारी बाही, असे उपचार आहेत. बाही अंदाजाने विकत घेऊ नका. मनगटापासून वरपर्यंत टेपने माप घेऊनच ती ठरते. सैल असेल तर उपयोग नाही, आणि कुठे रुतली तर त्याच्या खाली सूज वाढते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती नकोशी होते, मला कळतं. बाहीवर थोडं पाणी शिंपडा, गार वाटतं. दोन बाह्या असू द्या, म्हणजे एक धुता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेंदूचं पान कापताना कात्री लागते, तव्याचा चटका बसतो. या हाताला जंतुसंसर्ग फार लवकर होतो. जखम लहान असली तरी साबणाने धुऊन मलम लावा. आणि हात लाल झाला, गरम लागला, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, अँटिबायोटिक लागतं. काखेतल्या गाठी काढल्यात हे तिथे आधी सांगा. तापाने ती बोलू शकत नसेल तर सोबत गेलेल्याने सांगा.